डोमाजीच्या शेळ्या

सिंदी (रेल्वे) जवळून
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

प्रिय छाया,

तुले मंदाबाईचा आशीर्वाद, अन् हे वाचून दाखवणाऱ्या तुया पोरीले, रक्षालेही. आमच्याकडं सगळे बरे आहेत, तुमच्याही तब्येती बऱ्या असतील असं धरून चालते. तू मायावाला फोन उचलत नाई, त्याले दीड वर्ष झालं. म्हणून शेवटी कागद काढला. बचत गटाच्या वहीतलंच पान आहे, मागं हजेरीच्या रेघा दिसतील, तिकडं पाहू नका.

पाऊस औंदा सोडता सोडत नाई. सोयाबीन उभ्या उभ्या पिवळं पडलं. दुकानात साखरेच्या पोत्याले ओल आली, दोन किलोचा गोळाच झाला, तो तुया भाऊजीनं चहात फोडून फोडून संपवला. तान्हा पोळा झाला. सिंदीत पाय ठेवाले जागा नव्हती. मले रक्षा आठवली. लाकडाच्या नंदीसाठी किती रडली होती ती, अन् तू माया अंकुशचा जुना नंदी उसना नेला होता. परत आणून देतानी त्याले नवं घुंगरू बांधून आणलं होतं. मी म्हटलं होतं, अव, उसन्या वस्तूले कोणी असा खर्च करते का? तू नुसती हासली होती.

तू गेल्यापासून गावात ब्लाऊज शिवणारी कोणी राह्यली नाई. सिंदीले जा लागते, अन् तिथला टेलर सगळ्याइच्याच बाह्या आखूड करते, पैसे मात्र पुरे घेते.

अंकुश बुटीबोरीले कंपनीत लागला. पित्तर झाले की सेलूचे पाहुणे त्याले पाह्यले येणार आहेत. पोरगी चांगली आहे म्हणते, डी.एड. झालेली आहे. घराले रंग काढला, समोरच्या भिंतीपुरता.

शुक्रवारी रक्षाचा फोन आलता. तुले तिनं सांगतलं का नाई, मले माहीत नाई. बारावीत चांगले मार्क पडले, नर्सिंगले नंबर लागला, म्हणत होती. व माय, मले किती बरं वाटलं! एवढीशी होती, माया दुकानातल्या वजनकाट्यावर बसून स्वतःले तोलून पाहत जाय. पण सत्तर हजार भरा लागते, पंचवीस तारखेच्या आत. अन् बँकेत तुयं नाव टाकलं की थकबाकी दिसते, साहेब फाईल बंद करते.

मंग मी म्हटलं, दुसरं काही नाई तं मले जे माहीत आहे ते तरी लिहून पाठवावं. रक्षा, ध्यानानं ऐक. बँकेत पुन्हा जाऊ नको. तिथं खुर्ची देतात, पाणी देतात, कर्ज नाई देत. पतसंस्थेत जाशील तं दोन जामीनदार मागते, दोघंही पगारवाले. आपल्या ओळखीत पगारवाली अंगणवाडीची एकच बाई, अन् ती आधीच तिघाइले जामीन राहून पस्तावली आहे. ओमप्रकाश शेठ सोनं ठेवून शेकडा दोननं देते. सोनं नसलं तं शेकडा पाच, महिन्याचे. पहिल्यांदा गेली की "बेटी" म्हणून चहा पाजते. त्यानं बेटी म्हटलं की उठून याचं. भिशीत उडी टाकशील तं तुया नंबर निघेपर्यंत कॉलेजची सुट्टी लागन. अन् फोनवर ते दोन मिनिटात पैसे देणारं अ‍ॅप येते ना, त्याले तं मेलं तरी हात लावू नको. ते तुया फोनमधले सगळे नंबर घेते, अन् मंग सगळ्याइले तुये नाई नाई ते फोटो पाठवते. सोयऱ्याधायऱ्याइले, शाळेच्या मास्तराले, कोणालेच सोडत नाई.

तुम्ही म्हणाल, मंदाबाईले एवढं सगळं कसं माहीत? दुकानात बसणाऱ्या बाईले चार गोष्टी माहीत होतात, असं समजा.

छाया, पुढचं तुले एकटीलेच लिहायचं होतं. पण तुले लिहिलेलं रक्षाच वाचणार, अन् 'ही ओळ रक्षानं वाचू नये' असं लिहिलं तं तीच आधी वाचन. राहू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या मंगळवार, गटाची मीटिंग आहे, सकाळी लवकर उठा लागते. कागद अजून कोरा आहे, उद्या पुरा करते.

मंगळवार, दुपार

रक्षा, आता मोठ्यानं वाच. मधातली एक ओळ गाळायची नाई. आई "पुरे कर" म्हणन, तरी थांबू नको.

माया ओसरीत गटातल्या अकरा बाया बसून आहेत. सकाळी दहापासून बसल्या आहेत. नंदिनी अगदी उंबऱ्याले टेकून बसली. मी आतल्या खोलीत पेटीवर कागद ठेवून लिहून राह्यली. त्या उठत नाई. मी पाणी नेलं, कोणी घेतलं नाई. छाया, तुले माहीत आहे असं बसणं कसं असते ते.

आता पह्यल्यापासून सांगते.

जून दोन हजार तेवीसमधी अंकुशनं त्या अ‍ॅपवरून पैसे घेतले. फोनवर पत्ते खेळाचा नाद लागलता त्याले. बारा हजार घेतले, त्याचे चाळीस झाले. मंग फोटो सुरू झाले. पह्यला फोटो माया फोनवर आला. अंगावर कपडे नाई, अन् चेहरा मायाच पोराचा. खाली लिहिलेलं, उद्या हा सगळ्या गावात जाईन. छाया, मी त्या दिवशी दुकान अर्धं उघडं टाकून बँकेत गेली, पतसंस्थेत गेली, ओमप्रकाश शेठच्या गादीवर गेली. काल जे रक्षाले शहाणपणानं लिहिलं, ते मी माया पायानं फिरून शिकली. मायावाली पोत आधीच मोडली होती. बाकी सोनं तुया भाऊजीच्या नजरेत होतं, काढलं असतं तं त्याइनं विचारलं असतं. अन् गटाले कर्ज देणाऱ्या कंपनीत मायं एक कर्ज चालू होतं, एका नावावर दुसरं देत नाई.

म्हणून मी तुयं नाव मागतलं.

रक्षा, ऐकून राह्यली ना? ते पन्नास हजार तुया आईनं घेतले नाई. मी घेतले. तुया आईनं फक्त नाव देलं. गावात बाया देतात एकमेकीले नाव, साखर दिल्यासारखं. अंगठा हिचा, पैसे तिचे. तुया आईनं कशासाठी पाहिजेत हेही विचारलं नाई. मीच सांगाले लागली तं म्हणे, "राहू द्या बाई, तुमचा चेहरा पाहून राह्यली ना मी."

अन् त्या शेळ्या. रक्षा, तुले कंपनीवाल्यानं फोटो दाखवला म्हणत होती, आई दोन शेळ्या धरून उभी आहे म्हणून. बरोबर आहे, उभी आहे. कर्ज कशाले पाहिजे, तं आम्ही कागदावर शेळीपालन लिहिलतं. मंग कंपनीचा सर म्हणे, आठ दिवसात येतो, शेळ्यासंग फोटो लागन. आता आली पंचाईत! मी डोमाजीले एक पाव चहापत्ती देली, अन् त्याच्या दोन शेळ्या तासाभरासाठी तुमच्या अंगणात आणून बांधल्या. एक कानतुटी होती, तिनं फोटो काढता काढता तुया आईचा पदर चावला. तू शाळेत होती. आई अशी हासली, अशी हासली, की सराले दोनदा फोटो काढा लागला. सर गेल्यावर शेळ्या परत गेल्या. तुया घरी कधी शेळी नव्हती, रक्षा. मंग विकणार काय, अन् खाणार काय?

आठ महिने मी हप्ते भरले. दर पंधरवड्याले बाराशे, मुरमुऱ्याच्या पुडीखाली घालून तुया आईच्या हाती द्याची, ती मीटिंगमधी तिच्या नावानं भरे. मंग अंकुशनं पुन्हा तेच केलं. पुन्हा फोटो, पुन्हा पैसे. गल्ला रिकामा झाला. मी छायाले म्हटलं, ह्या खेपेले कसंतरी भागव, पुढच्या वेळी देते. तिनं महिन्याभराच्या ब्लाऊजचे पैसे टाकले. पुढच्या वेळीही माया हात रिकामाच होता.

आपल्या गटाचा नियम तुले ठाऊक आहे, छाया. दर मीटिंगले मीच मोठ्यानं म्हणते अन् बाया मागून म्हणतात, हप्ता पुरा झाल्याशिवाय कोणी उठायचं नाई. दोन खेपा बायाइनं आपल्या आपल्या पदरचे शंभर शंभर टाकले. तिसऱ्या खेपेले नंदिनी उठली अन् म्हणे, चला व, तिच्या दारात जाऊन बसू. अन् सगळ्याइच्या पुढं कोण चाललं? अध्यक्ष. मी.

तू भाजी निवडून राह्यली होती. एवढ्या बाया पाहून उभी झाली. मायाकडं पाह्यलं. मले वाटलं आता बोलन, आता बोलन. काखा ओल्या झाल्या माया. तू बोलली नाई. मंग मी काय बोलली ते आठवते ना तुले? मी म्हटलं, "छाया, गटाचं नाव खराब करू नको." हे मी म्हटलं. मायाच तोंडानं. तुया तोंडावर.

चार घंटे बसलो आम्ही. नंदिनी तुया अंगणात थुंकली. संध्याकाळी तू मशीन पुढं सरकवली. "एवढीच आहे," म्हणे. दोघी तिघीइनं उचलली अन् ती माया घरी आणून ठेवली, गटाची अमानत म्हणून. वहीत मीच लिहिलं, सदस्य छाया हिने स्वखुशीने शिलाई मशीन जमा केली. स्वखुशीनं. लिहितानी अक्षर चांगलं काढलं मी, कशाले खोटं सांगू. उलट जीव हलका झालता, की बोलली नाई बाई ही.

पंधरा दिवसानं तुमच्या घराले कुलूप होतं. हिंगणघाटले बहिणीकडं गेली म्हणून समजलं. गटाले कंपनीनं कर्ज बंद केलं, एका बाईलेही पैसा मिळाला नाई वर्षभर. नंदिनीच्या पोरीचं लग्न लांबलं. ज्याच्या त्याच्या तोंडी तुयंच नाव. पाण्याच्या टाकीवर, गिरणीवर, माया दुकानाच्या पायरीवर. अन् मी गूळ तोलता तोलता "हो ना बाप्पा, काय करता" म्हणत जाय.

हे सगळं मी अजूनही पोटात ठेवलं असतं. खरंच ठेवलं असतं. अंकुशचे पाहुणे येणार आहेत, पोराचं नाव निघालं की झालं. मले बाकी कशानं नाई, त्या शुक्रवारच्या फोननं मारलं.

रक्षा, तू म्हणे, "मावशी, आईनं शेळ्या घेतल्या, विकून खाल्ल्या, अन् भोगून मी राह्यली. पंधरा दिवस झाले, मी तिच्यासंग बोलत नाई." अन् मी काय म्हटलं? मी म्हटलं, "जाऊ दे पोरी. आई आहे तुयी. माफ कर तिले."

फोन ठेवला अन् मले कळलं मी काय बोलली. छाया, मी तुया पोरीले तुयासाठी माफी मागतली! कोणाच्या गुन्ह्याची? पुढ्यात पित्तराचं ताट होतं, वडे होते, कढी होती. मी उठून गेली.

अन् तू? दीड वर्ष झालं, पोरगी तोंड फिरवून बसली, तरी तू तिलेही सांगतलं नाई. काऊन व? मायी इज्जत राखाले? एवढी कोण लागत होती मी तुयी?

आज सकाळी मीटिंगमधी नियम म्हणायची वेळ आली, तं मी म्हटलंच नाई. उभी झाली अन् सांगून टाकलं. अंकुशचं, फोटोचं, नावाचं, सगळं. मंग नंदिनीनं विचारलं, "अन् त्या शेळ्या?" मी म्हटलं, डोमाजीच्या. तं ती म्हणे, "कानतुटी पाहून मले तेव्हाच वाटलं होतं." एवढंच बोलली. मंग तिचे डोळे भरले. म्हणे, "मी थुंकली होती तिच्या अंगणात, मंदाबाई. तुम्ही बाजूलेच उभ्या होत्या."

मंग ती उठली. चला व, म्हणे. अन् त्या सगळ्या मायासंग माया घरी आल्या अन् ओसरीत बसल्या. नियम नियम असते. मी नाराज नाई.

तुया भाऊजीले आजच समजलं, बायाइच्या तोंडून. त्याइनं मले शिवी देली असती तं बरं वाटलं असतं. कपाट उघडलं, माये कानातले अन् डोरलं रुमालात बांधलं अन् मोटारसायकल काढून सिंदीले सराफाकडं गेले. दुकानातलं फ्रीज गाडीवाला बंडूजी घेतो म्हणे. दोन्ही मिळून कर्जाचे चाळीस हजार अन् वरचा दंड निघन. बायाइचे बावीसशेही आजच देते. अंकुशचा बुटीबोरीवरून फोन आलता. म्हणे, "आई, तू काऊन सांगतलं?" मी फोन ठेवला. सेलूच्या पाहुण्याइले कोणीतरी आतापर्यंत कळवलंच असन, गावात वेळ लागत नाई. रंगवलेली भिंत तशीच राह्यन.

आता वाईट गोष्ट, रक्षा, तीही सरळच सांगते. मी सकाळी कंपनीच्या सराले फोन लावला. पैसे आज भरले तरी कर्ज फिटल्याचा कागद आठ दिवसानं मिळते म्हणे, अन् बँकेच्या कॉम्प्युटरमधून आईचं नाव साफ व्हाले दीड दोन महिने लागते. पंचवीस तारीख त्याच्यात येत नाई. मी रडली, हात जोडले. तो तरी काय करणार? ओमप्रकाश शेठकडं तुयासाठी गेली असती, पण आता मायाजवळ त्याच्यापुढं ठेवाले सोनं उरलं नाई, अन् शेकडा पाचात तुले अडकवत नाई. औंदा तुयी सीट जाते, पोरी. ती मी खाल्ली. शेळ्या कोणी खाल्ल्या नाई, पण तुयं एक वर्ष मी खाल्लं. पुढच्या वर्षी फॉर्म भरजो. त्या वेळेले आईचं नाव साफ असन. आईवर राग काढू नको. काढायचा तं माया नंबर तुयाजवळ आहेच.

छाया, मशीन बंडूजीच्या गाडीत घालून देली, हे पत्रही त्याच्याच हाती. मी तिले एक दिवसही चालवली नाई, कपडा झाकून ठेवली होती. पट्टा ढिला झाला आहे, तो बदलजो. सोबत वहीचं ते पानही फाडून पाठवते, ज्याच्यावर स्वखुशीनं लिहिलं आहे. त्याचं काय करायचं ते तू ठरव. नव्या पानावर आज खरं लिहिलं, अन् अकराही बायाइच्या सह्या घेतल्या. नंदिनीची सही सगळ्यात पह्यली आहे.

गावात ये असं म्हणायचं तोंड मले नाई. पण आलीच कधी, तं दिवसा ये, टाकीवरून ये, सगळ्याइच्या समोरून ये. तुले कोणाच्या समोर मान खाली घालाची गरज नाई. ती आता माया वाट्याची आहे.

गाडीचा आवाज येऊन राह्यला, तुये भाऊजी आले वाटते. बाया उठून उभ्या झाल्या. मले जा लागते.

रक्षा, एकच काम कर. पत्र घडी करायच्या आधी आईकडं पाह्य. अन् तिच्यासंग बोल. काहीही बोल, भाजी काय करू विचार, पण बोल. माफी तिनं मागायची नाई, तुले मागा लागते. मले तं मागायचीही सोय राह्यली नाई.

दोन वर्ष तुया नावावर इज्जतीनं जगलेली,
मंदा

(पुढं अध्यक्ष लिहीत होती. खोडलं.)